बेटाचं वरचं टोक

फुलचंद, तुझी छत्री माझ्या ओसरीवर खुंटीला तशीच आहे. काळं कापड, त्यावर चुना उडाल्यासारखे पांढरे डाग, आणि एका काडीला तू स्वतः बांधलेली सुतळी. केसरभाभींनी ती घरात घ्यायला साफ नकार दिला होता. पाखरांची घाण उंबऱ्याच्या आत येणार नाही, म्हणाल्या. तेव्हापासून ती माझ्याकडे राहायला आली. उन्हाळाभर सकाळी तू ती इथून न्यायचास आणि दिवस मावळायच्या आत, तुझी जेवायची वेळ चुकू नये म्हणून, धापा टाकत परत आणून टांगायचास. एवढा मोठा धान्याचा दुकानदार, पण घरात एका छत्रीला जागा मिळवता आली नाही तुला.

तुला जाऊन सव्वा महिना होऊन गेला. तापी दोन्ही थड्या भरून वाहते आहे. घाटाच्या पायऱ्या बुडाल्या, आणि आपलं बेट पाण्याखाली नेमकं कुठे असेल याचा अंदाजही काठावरून येत नाही. तरी मी रोज जाऊन बघतो. काय बघतो ते विचारू नकोस.

धर्मशाळेत तुझ्यासाठी सभा झाली. शहाद्याहून माणसं आली, नंदुरबारहून आली. दानशूर, धर्मपरायण, गोरगरिबांचे कैवारी, असं एकेकजण बोलत होता. तू ऐकलं असतंस तर मागच्या दाराने पळाला असतास. मलाही उभं केलं. शाळामास्तर आहे म्हणजे बोलणारच, असा लोकांचा समज. मी दोन वाक्यं बोललो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, मास्तरांचा कंठ दाटला. दाटला होता हे खरं, पण त्याचं कारण लोकांना ठाऊक नव्हतं. चौदा वर्षं तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती सभेत सांगण्यासारखी नव्हती. म्हणून इथे लिहितो आहे.

आपलं बेट तुला काय सांगायचं! पण सांगतो, मला बरं वाटतं म्हणून. दिवाळी झाली, पाणी उतरलं की आपल्या प्रकाशा गावच्या घाटाखाली नदीच्या मधोमध वाळूची पाठ वर यायची. वर घर नाही, झाड नाही, देऊळ नाही. खालचं टोक सखल, तिथे वडिलांच्या काळापासून आमची टरबुजांची वाडी. वाळूत खड्डे करायचे, खत भरायचं, वेल लावायचे, शिमग्याच्या पुढे फळ काढायचं. वरचं टोक उंच, खड्यांचं, कोणाच्याच कामाचं नाही. म्हणजे माणसांच्या. फाल्गुनात तिथे ती पाखरं यायची. अंग पांढरं-राखी, डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच, लाल पाय आणि कातरीसारखी शेपटी. आमच्या झिपा नावाड्याला विचारलं तर तो म्हणायचा, मासा खाणारं पाखरू. याच्यापुढे त्याने कधी नाव ठेवलं नाही. घरटं म्हणून काही बांधायची नाहीत. वाळूत पोटाने खळगा करायचा की झालं. त्यात दोन-तीन अंडी, वाळूच्याच रंगाची. पाय पडेपर्यंत दिसायची नाहीत.

मी लहानपणापासून ती पाखरं बघत आलो, आणि खरं सांगायचं तर कधी बघितली नाहीत. ती तू दाखवलीस. दुकानाचा माल आणायला तू सुरतेला जायचास. एका वर्षी तिथे समुद्राच्या काठी फिरून आलास आणि आल्या आल्या मला ओढत नावेत घातलंस. बेटाच्या वरच्या टोकाला उभा राहून, डोक्यावर पाखरं किंचाळत असताना, तू मला म्हणालास, "मास्तर, ह्या समुद्रन्या लेकी शेतस. सुरतले देखेल शेतस मी. बायतपनले मायेरले येतस."

मी हसलो. नदीची पाखरं वेगळी, समुद्राची वेगळी, असं काहीसं मास्तरकीच्या थाटात बोललो. मला तरी कुठे ठाऊक होतं? पण तू ऐकलं नाहीस. तापी जिथे समुद्राला मिळते तिथून या नदी धरून वर येतात, बाळंतपणाला माहेरी, असं तू ठरवून टाकलं होतंस. आणि एकदा लेकी म्हटल्यावर मग बापाने करायचं ते सगळं ओघानेच आलं.

त्याच उन्हाळ्यात तू मला दाखवलंस, भर दुपारी, वाळूवर पाय ठेववत नव्हता तेव्हा, एक पाखरू अंड्यांवरून उठलं, पाण्यावर गेलं, बसल्यासारखं करून पोट भिजवलं आणि परत येऊन ओल्या पोटाने अंड्यांवर बसलं. थोड्या वेळाने पुन्हा गेलं. पुन्हा आलं. उन्हात अंडी शिजू नयेत म्हणून. तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तुला ते पुसायचं भान नव्हतं. तुझी आई तू चार वर्षांचा असताना गेली हे मला माहीत होतं. मी दुसरीकडे बघत राहिलो.

पण तुझी मोठीच पंचाईत होती. पाखरं मासे मारत होती. तू मुंगी वाचवून पाय टाकणारा माणूस, आणि तुझ्या लेकी दिवसभर नदीत सूर मारून जिवंत मासे गिळत होत्या. झिपाने ते बरोबर हेरलं. एकदा नाव वल्हवता वल्हवता त्याने तुला विचारलं, "शेठ, ते पाखरू दिनभर मासा मारस, मी बी मारस. त्यानाकरता तुम्ही जीव टाकतस, नि मन्हासंगे धड बोलतस बी नही. हाई कसं?"

"ते पोटपुरतं मारस, झिपा," तू म्हणालास.

"मंग मी काय मासा इकीसन माडी बांधी का?"

चौथ्या दिवशी झिपाच्या घरी शेर-दोन शेर ज्वारी पोचली आणि तू त्याच्याशी धड बोलायला लागलास. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर तुला शेवटपर्यंत सापडलं नाही. आपण दोघं त्यावर किती भांडलो! मी म्हणायचो, निसर्गाने दिलेला घास आहे, त्यात पाप कसलं. तू म्हणायचास, मग झिपाला कोणी दिला? मी म्हणायचो, मग बेटावर येऊ नकोस. तू म्हणायचास, लेकी काय निवडून घेता येतात? तो वाद तसाच राहिला आहे, फुलचंद. मला अलीकडे एक बरा मुद्दा सुचला होता, पण आता तो कोणापुढे मांडू?

त्या पंचाइतीतूनच तुझ्या डोक्यात ज्वारी आली. तुम्हा लोकांच्या दारात पाखरांना दाणे टाकायची रीत. दुकान उघडायच्या आधी ओटा झाडायचा, मूठभर दाणे टाकायचे, मग कुलूप काढायचं. पिढ्यान्‌पिढ्यांचा हात तो. पुढच्या उन्हाळ्यात अंडी घातलेली बघितलीस आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तू खांद्यावर ज्वारीची पिशवी टाकून घाटावर हजर.

"दाना मियना त मासा सोडतीन," तू म्हणालास. दाणे मिळाले की पाखरं मासे सोडतील म्हणे, आणि तू थट्टा करत नव्हतास.

मी पोट धरून हसलो. झिपा वल्हं टाकून हसला. तू शांतपणे वरच्या टोकाभोवती ज्वारी पसरत गेलास. पाखरं तुझ्या पागोट्यावर झेपावत होती, विटाळून ठेवत होती, आणि तू त्यांना जेवायला बोलवत होतास. रोज पहाटे. मग दुकान उघडायला परत. त्या वेळी तू अजून दुकान भावावर सोपवलं नव्हतंस, म्हणून सूर्य वर यायच्या आत तुला बेट सोडावं लागायचं. तुझ्या मागे काय व्हायचं ते तू बघितलं नाहीस.

मी बघितलं.

शाळेला उन्हाळ्याची सुटी होती. मी सकाळभर खाली वाडीत असायचो. पहिले दोन दिवस चिमण्या आल्या, होले आले. तिसऱ्या दिवशी गावातले कावळे आले. गावातून बेटापर्यंत एरवी कावळा फिरकत नसे, तिथे त्याला काय मिळणार होतं? आता दाणे होते. दाणे टिपता टिपता त्यांना अंडी सापडली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, एक कावळा पाखरांना हुसकावून उठवायचा आणि दुसरा अंडं घेऊन जायचा. पाखरं कावळ्यांच्या मागे लागायची, तोवर मागून तिसरा यायचा.

संध्याकाळी तू माझ्या ओसरीवर आलास. रोजच यायचास. तू विचारलंस, "लेकी कशा शेतस?"

मी म्हणालो, "बऱ्या शेतस."

फुलचंद, हीच ती गोष्ट.

एक वाक्य बोलायचं होतं. ज्वारी टाकू नको, कावळे येत आहेत. एवढंच. तू दुसऱ्या दिवशी उपाशी राहिला असतास, पण ज्वारी थांबली असती. मी बोललो नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढचे आठ दिवस नाही. का, तेही लिहितो. आदल्या वर्षी अवकाळी पाण्याने आमची खालची वाडी कुजून गेली होती. वेलावरची फळं डोळ्यांदेखत पाण्यात तरंगत गेली. तेव्हापासून वरचं उंच टोक माझ्या डोळ्यांत भरलं होतं. तिथे पाणी पोचत नव्हतं. पण तिथे तुझ्या लेकी होत्या, आणि तुझ्यासमोर तो विषय काढायची मला हिंमत नव्हती. कावळे बघितले तेव्हा माझ्या मनात आलं की हे आपोआप होतंय. मी काही केलं नाही. मी फक्त खुरपं घेऊन वेलांतलं गवत काढत राहिलो. मूग गिळून बसलो म्हणतात ना, तसा.

नवव्या दिवशी अमावास्या होती, दुकान बंद. तू उन्हं वर येईपर्यंत बेटावर थांबलास.

तुझा आवाज मला खालच्या टोकापर्यंत ऐकू आला. मी धावत आलो तर तू वाळूत गुडघ्यांवर बसला होतास. ओंजळीत अंड्यांची टरफलं. आजूबाजूला ज्वारीचे दाणे सांडलेले आणि कावळे जेमतेम दहा हातांवर, तुला न भिता. पाखरं वर ओरडत फिरत होती, पण खाली येत नव्हती. राखण्यासारखं त्यांचं खाली काही उरलं नव्हतं.

"मन्हा हाते व्हयनं, मास्तर," तू म्हणत होतास. "मन्हा हाते."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. तुझ्या एकट्याच्या हाताने नाही, असं. मी तुला हाताला धरून उठवलं, नावेत बसवलं, घरी नेलं. झिपा वल्हवत होता. तो माझ्याकडे बघत होता, मी पाण्याकडे बघत होतो. तू तीन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नाहीस. सगळ्या गावात झालं, मास्तरांनी शेठला किती सांभाळलं.

पुढल्या वर्षी मी तुला विचारलं, वरचं टोक पेरू का. तू म्हणालास, "पेरी टाक, भो. जागा काबरं मोकयी ठेवस?" फाल्गुनात पाखरं आली, दोन दिवस वरून घिरट्या घातल्या, खाली माझे वेल बघितले आणि निघून गेली. त्या वर्षीची टरबुजं साखरेसारखी निघाली. पहिलं फळ मी तुझ्याकडे घेऊन आलो. रीत म्हणून आणलं की लाज म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. तू ते सगळ्यांसमोर कापलंस, खाल्लंस, गोड शे म्हणालास.

त्याच्या पुढल्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर तू माझ्याकडे आलास, खाली मान घालून, जसा काही माझं काही मागायला आला होतास. "एक साल खाली ठेव, मास्तर. उन्यात त उन्यात. नही त पुढला साल तू पेर."

मी ठेवलं. आल्या तर येऊ देत म्हणून टोक लगेच मोकळं ठेवलं. गावात पुन्हा माझं कौतुक, मास्तरांनी मोठं मन केलं. चोरून आणलेली वस्तू परत करणाऱ्याला कोणी शाबासकी देतं का? मला मिळाली.

त्या फाल्गुनात चार जोड्या आल्या. तू मोजल्यास, मी मोजल्या, झिपाने मोजल्या, आणि प्रत्येकाने पुन्हा मोजल्या. त्या दिवसापासून तू दुकान धाकट्या भावाच्या हवाली केलंस आणि छत्री घेऊन बेटावर बसलास. पाखरांपासून दूर, खालच्या बाजूला, कावळा दिसला की टाळ्या वाजवायच्या. अंडी फुटून पिल्लं उडेपर्यंत. दर उन्हाळ्यात. तुझ्याएवढा जाडजूड माणूस उन्हात वितळत बसलेला बघायला सुरुवातीला लोक घाटावर यायचे. मग सवय झाली. वैशाखात पाणी आटलं की बेटाला गावाकडून वाट पडायची आणि कुत्री यायची, म्हणून तू ती चिंचोळी जागा खणून पाणी वाहतं ठेवायचं काढलंस. त्यातही तुझी तऱ्हा! झिपाने फावडं मारायच्या आधी तू खाली बसून, सामायिकाला म्हणजे तुमच्या ध्यानाला बसताना जागा झाडायची ती मऊ पुंजणी घेऊन, वाळू झाडायचास, एखादा किडा-मुंगी मरू नये म्हणून. झिपा फावडं खांद्यावर घेऊन उभा. तुझं झाडून झालं की तो एक घाव घालायचा, मग पुन्हा तू झाडायचास. जे काम एका दिवसाचं ते आठवडाभर चालायचं. झिपा शिव्या द्यायचा आणि दर वर्षी स्वतःहून यायचा. मीही यायचो. मी फावडं तुझ्यापेक्षा जास्त मारलं आहे, फुलचंद. तू म्हणायचास, मास्तर, तू जीव लावलास रे लेकींना. मी पुढचं फावडं मारायचो.

आणि मग तो तुझा दिवस.

भाद्रपदात इकडे आमचे गणपती बसायचे आणि तुमचं पर्युषण संपायचं. आठ दिवसांचं तप झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी तू गावभर हिंडायचास, ज्याच्याशी बोलाचाली झाली त्याच्या दारात, ज्याच्याशी नाही झाली त्याच्याही. माझं दार पहिलं. घाटाची चढण चढून यायचास, लालबुंद चेहरा, उपासाने ओढलेला. ओसरीच्या पायरीवर उभा राहून हात जोडायचास. "मिच्छामि दुक्कडम्, मास्तर. कयत-नकयत तुले दुखाडं व्हई त माफ कर. नि बेटवरला त्या अंडासनं बी."

अंड्यांची माफी तू माझ्याकडे का मागायचास? मी एकदा तसं विचारलंही होतं. तू म्हणालास, बेट तुझं, अंडी तुझ्या बेटावरची. मला ते तुझं नेहमीचं खुळ वाटलं.

मग तू माझे दोन्ही हात तुझ्या हातांत घ्यायचास आणि उभा राहायचास. काही न बोलता. बराच वेळ. मला वाटायचं, जाडा माणूस आहे, चढून आलाय, दम खातोय. मी घाईने म्हणायचो, अरे माफी कसली, वर ये, बस, पाणी घे. हात सोडवून घ्यायचो आणि आत पाणी आणायला जायचो. परत येईपर्यंत तू पागोटं सारखं करून पुढच्या घराच्या वाटेला लागलेला असायचास. चौदा वर्षं. एकदाही मी तुझ्याकडे माफी मागितली नाही. आमच्यात तशी रीत नाही, असं मी मनाला सांगायचो, जशी काही खरं बोलायला रीत लागते.

शेवटच्या आजारपणात मी रोज यायचो. तू गादीवर, भिंतीला टेकून. अंग इतकं उतरलं होतं की तुझ्या हातातली अंगठी भाभींनी दोरा गुंडाळून घट्ट केली होती. जगभर लढाई चाललेली, शहाद्याला औषध मिळेना. तू त्यावरही चिडत नव्हतास. त्या दिवशी पाऊस थांबला होता. तू एकदम डोळे उघडून माझ्याकडे बघितलंस आणि विचारलंस, "मास्तर, काई सांगनं शे का?"

माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. खरंच आलं होतं, फुलचंद. मी म्हणालो, "काई नही. नदीले पानी बरं शे. तू बरा व्हय, मंग बोलूत."

तू मान हलवलीस. दोन दिवसांनी झिपा धावत शाळेत आला.

काल तुमचं पर्युषण संपलं. आज सकाळी मी ओसरीवर बसलो होतो. कोणी येणार नाही हे मला ठाऊक होतं, तरी घाटाच्या चढणीकडे डोळे लागले होते. उन्हं ओसरीवर आली, पायरीवर आली, आणि कोणी आलं नाही. मग मी उठलो, खुंटीवरची छत्री काढली आणि तुझ्या घरी गेलो. इतक्या वर्षांत माफीच्या या दिवशी मी तुझ्या दारात पहिल्यांदाच आलो.

केसरभाभी कोपऱ्यात बसल्या आहेत. तुमच्या रीतीप्रमाणे अजून कितीतरी महिने त्या खोलीबाहेर येणार नाहीत. मी दाराच्या अलीकडे जमिनीवर बसलो, त्या पलीकडे भिंतीआड. मला फक्त त्यांच्या ओढणीचा काठ दिसत होता. मी त्या काठाला हात जोडले आणि सगळं सांगितलं. कावळे, आठ दिवस, वाडी, "बऱ्या शेतस" म्हणालो ते. तुला सांगायचं ते त्यांना सांगितलं, कारण तू आता सापडणार नव्हतास. सांगताना मी रडलो. पन्नाशीचा माणूस, शाळेत पोरांवर छडी उगारणारा, दाराच्या फळीला डोकं टेकून रडलो.

भाभींनी ओढणीचा काठ आत ओढून घेतला. मग म्हणाल्या, "भाईजी, त्यासले मालूम व्हतं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"झिपानी तवयच सांगं व्हतं त्यासले. त्याच सालले."

"मंग माले काबरं नही बोलना तो? दर सालले मन्हा दारमा येस, मन्हीच माफी मांगस..."

"मी बी हाईच इचारं त्यासले," भाभी म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी शांत होता. "म्हनेत, मास्तरले पहिलं बोलता येत नही. मी बोलनू का तो बी बोली."

मी छत्री दाराशी ठेवली होती. निघताना त्यांनी ती आतूनच हाताने माझ्याकडे सरकवली. इतक्या वर्षांत त्या छत्रीला त्यांनी पहिल्यांदा हात लावला. "तुमनापाच ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या. "फागुनमा लागी."

ती आता पुन्हा खुंटीला आहे. फाल्गुनात लागेल. वरचं टोक मोकळं राहील, मी असेपर्यंत राहील. माझ्यामागेही राहावं म्हणून मुलाला आजच सांगून ठेवलं, कारणासकट. वैशाखात झिपा फावडं घेऊन येईल तेव्हा वाळू झाडायला मी बसेन, पुंजणी भाभींकडून मागून आणेन. एवढं सगळं मी करीन. त्याने तुला काय?

मघापासून मी ओसरीच्या त्या पायरीकडे बघतो आहे. माझे हात हातांत घेऊन तू तिथे उभा राहायचास, आणि मी पाणी आणायला पळायचो. चौदा वेळा पळालो. तू दम खात नव्हतास रे. तू मी बोलायची वाट बघत होतास.

मिच्छामि दुक्कडम्, फुलचंद.

बोललो रे.